थरथरीचे निदान

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री-गांधारीचे पाणी महाडमध्ये शिरले. पुरातून वाचलेल्या गाडीचा आजार कधीकधी महिन्यांनी बोलू लागतो: उभ्या उभ्या इंजिन थरथरते. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायचा, तर निदान हवे. सुटे भाग बदलत सुटणे हा जुगार. जाणता मेकॅनिक चालू इंजिनातल्या कॉइलांची जोडणी एकेक करून सोडवतो. जिच्यावाचून थरथर वाढत नाही, तो सिलिंडर आधीच मुका. मग ती कॉइल शेजारणीच्या जागी बसवायची. दोष सोबत गेला, तर दोषी तीच. (समीक्षेत एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहण्याचा संयम क्वचित दिसतो.) थरथर एका जागी ठरतच नसेल, तर संशय गंजलेल्या अर्थिंगवर. तिथे रोध मोजणे फसवे. विनाभार तार निर्दोष भासते. दिवे, पंखा लावून बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन यांत व्होल्टेज पाहावे. अर्धा व्होल्टही फार.