सोडलेला श्वास

"मोठा श्वास घ्या, मोठा श्वास घ्या." आईचा जीव घाबरा झाला की बसमधले सगळे हेच सांगत. गोरेगाव स्टेशनहून दिंडोशीकडे येताना तिचा हात एकदम गार पडायचा. कुणी वारा घालायचं, घरी आल्यावर शेजारीण कांदा फोडून हुंगायला द्यायची. पुष्कळदा ती अर्ध्या वाटेतच उतरायची आणि आम्ही नागरी निवाऱ्यापर्यंतचा चढ पायी चढायचो. मृणालताई गोरे आणि बाबुराव सामंतांच्या लढ्यातून उभ्या राहिलेल्या या वसाहतीत घर मिळाल्याचं तिला केवढं अप्रूप होतं! पण त्या घरापर्यंतची बस तिला सोसवेना. याला पॅनिक अटॅक म्हणतात हे आमच्याकडे कुणाला ठाऊक असणार? अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणातही हा आजार स्वतंत्र नावानं १९८० मध्येच आला.

पुढे तीच धडधड माझ्या छातीत आली. लोकलमध्ये, भर गर्दीत. बोटांना मुंग्या, ओठ बधिर, आता मरणार अशी खात्री. ईसीजी स्वच्छ निघाला. पहिल्या वेळी ही तपासणी करून घ्यावीच, कारण हृदयविकाराची लक्षणं यात सहज मिसळतात.

मग कळलं की घाबरलेला माणूस मुळातच जास्त हवा ओढत असतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून मुंग्या आणि गरगर. त्यात आणखी मोठे श्वास घेतले तर त्रास वाढतो. आईला सगळे जीव तोडून सांगत होते ते नेमकं उलटं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं. श्वास हलका घ्यायचा आणि सावकाश, लांबवत सोडायचा. सिनेमात दाखवतात तशी कागदी पिशवी मात्र तोंडाला लावू नये. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर ती जिवावर बेतू शकते.

पण श्वासही पुरत नाही. मी श्वास मोजायचे आणि भीती गेली का, ते तपासत राहायचे. त्या तपासण्यानंच ती टिकून राहायची. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टर क्लेअर वीक्स स्वतः तरुणपणी या धडधडीतून गेल्या होत्या. १९६२ च्या त्यांच्या पुस्तकातला सल्ला मला फार मोलाचा वाटतो: सामोरं जा, आहे ते मान्य कर, त्याच्याशी झुंजू नकोस, वेळ जाऊ दे. भीतीची लाट बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला पोचते आणि ओसरू लागते. मधेच उतरलं तर ती ओसरताना दिसतच नाही. उतरलो म्हणून वाचलो, एवढंच मनात ठसतं.

दिंडोशीहून मेट्रो सुरू झाली तेव्हा आधी एकाच स्टेशनपर्यंत, आरेपर्यंत गेले. पुढे गुंदवली. दारं बंद होताना पोटात गोळा यायचा, अजूनही कधी येतो. येऊ देते, आणि बसून राहते.

जिथं हे एकट्यानं जमत नाही, भीतीपायी बाहेर पडणंच थांबतं, तिथं माणसाची मदत घ्यावी. सरकारच्या टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आईच्या फोनमध्ये तो मी घालून दिलाय. परवा तिनं विचारलं, "गुंदवलीपर्यंत मला नेशील का?"