दोन भावांचा लाल वाडा

इटलीतील जिनोआ या जुन्या बंदराच्या शहरात व्हिया गारिबाल्दी नावाचा एक अरुंद रस्ता आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास तो आखला गेला आणि त्याच्या दोन्ही बाजूंस सावकारी करणाऱ्या घराण्यांनी वाडे उठवले. त्यांतील कित्येकांच्या कर्जावर स्पेनच्या राजाच्या मोहिमा चालत. जिनोआ हे प्रजासत्ताक. परदेशी राजेरजवाडे आले तर त्यांना उतरवण्यास राजवाडा नाही. म्हणून १५७६ साली अशा वाड्यांची यादी करण्यात आली आणि पाहुणचाराचा मान कोणाकडे जावा हे चिठ्ठी टाकून ठरू लागले.

सांगलीच्या बाजारात चाळीस वर्षे हळदीची आडत केलेल्या आप्पांना ही चिठ्ठीची रीत फार आवडली. मिलानमध्ये शिकणाऱ्या पुतण्याने त्यांना एक दिवसासाठी येथे आणले होते. हा मुलगा धाकट्या भावाचा. गेल्या दिवाळीत घरच्या वाटण्या झाल्या. खालचा मजला आप्पांकडे राहिला, वरचा धाकट्याकडे गेला आणि धाकट्याने रस्त्याच्या बाजूने स्वतंत्र लोखंडी जिना लावून घेतला. तेव्हापासून दोघा भावांचे बोलणे बंद होते. पुतण्याने मात्र काकांना स्वतःहून बोलावले होते.

पलाझ्झो रोस्सो, म्हणजे लाल वाडा, आता नगरपालिकेचे संग्रहालय आहे. आत फिरताना आप्पांच्या व्यवहारी नजरेने एक गोष्ट हेरली. अशा वाड्यात थाटाचा मजला सहसा एकच असतो. येथे एकावर एक दोन होते, आणि कोणता श्रेष्ठ हे सांगता येत नव्हते. पुतण्याने माहिती वाचून उलगडा केला. रोदोल्फो आणि जान फ्रांचेस्को या ब्रिन्योले-साले घराण्यातील दोघा भावांसाठी १६७१ ते १६७७ या काळात हा वाडा बांधला गेला. पहिला मजला थोरल्याचा, दुसरा धाकट्याचा.

आप्पा थांबले. मग त्यांनी खालच्या दालनाची लांबी पावलांनी मोजली आणि वर जाऊन तेथेही मोजणी सुरू केली. रखवालदार बाई संशयाने पाहू लागल्या, तेव्हा पुतण्याने त्यांना हसून काहीतरी सांगितले.

थोरला भाऊ १६८३ मध्ये वारला. त्याला मुलगा नव्हता. सारे धाकट्याकडे आले. वरच्या मजल्यावरील चार दालनांच्या छतांवर चार ऋतू रंगवले गेले ते त्यानंतर. वसंत आणि ग्रीष्म ग्रेगोरिओ दे फेरारीचे. शरद आणि शिशिर डोमेनिको पिओलाचे. ते छत पाहताना मान दुखते, पण खाली पाहवत नाही. इतकी कला ज्याच्या डोक्यावर होती, त्याला तेथे एकट्याने जेवण कसे गेले असेल, असे आप्पा पुटपुटले.

या भावांच्या वडिलांचे, आंतोन जुलिओचे, व्हॅन डाइकने १६२७ मध्ये काढलेले चित्र येथे आहे. पांढऱ्या घोड्यावर बसलेला, हातात टोपी घेऊन अभिवादन करणारा बाविशीचा तरुण. पत्नीच्या निधनानंतर याच माणसाने संसार सोडून धर्मसंघात प्रवेश केला, हे कळल्यावर आप्पा त्या चित्रापुढे पुन्हा एकदा जाऊन उभे राहिले. दागिने, घोडा, वाडा यांच्याकडे पाठ फिरवणारी माणसे त्यांनी आपल्या समाजात पाहिली होती. येथे ती भेटतील अशी त्यांची कल्पना नव्हती.

घराण्याची वारस मारिया, गालिएराची डचेस, हिने १८७४ मध्ये मुलासह हा वाडा चित्रांसकट शहराला देऊन टाकला. तिच्या मुलाला मालमत्तेपेक्षा टपाल तिकिटांचा छंद अधिक होता आणि त्यातच त्याने जगभर नाव मिळवले. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत वाड्याची हानी झाली, पुढे दुरुस्ती झाली. तेव्हा मालकी कोणत्या भावाची, हा प्रश्न उरलाच नव्हता.

शेवटी दोघे गच्चीवर गेले. खाली पाटीच्या काळ्या दगडाची छपरे आणि त्यांच्यापलीकडे बंदर. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. उतरताना त्यांनी पुतण्याला जिन्यात थांबवले.

"दोन्ही मजल्यांचे फोटो काढलेस ना?"

"काढले, आप्पा."

"या जिन्याचाही एक काढ. आणि तुझ्या बाबांना पाठव. मी पाठवायला सांगितले, असे लिही."