ओळ कुठे तोडायची

सीमध्ये छोटा शेल लिहायचा असेल, तर कमांड चालवायला फोर्क आणि एक्झेकव्हीपी ही दोन फंक्शन्स जवळपास पुरतात. डोकं खातं ते त्याआधीचं काम: टाइप केलेली ओळ नेमकी कुठे तोडायची?

मी दिवसा पिंपरीजवळच्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी लेथ चालवतो, रात्री सी शिकतो. त्यामुळे कमांडची भीती मला कॉम्प्युटरच्या आधी मशिनने शिकवली. आमच्या कंट्रोलरला 'एक्स १००' दिलं आणि पुढचा पॉइंट राहिला, तर तो १०० मिलिमीटर नाही, ०.१ मिलिमीटर समजतो. जॉबपासून लांब जायचं टूल फिरत्या जॉबमध्ये घुसतं. मशिनने मात्र हुकूमच पाळलेला असतो.

शेलचंही तसंच. २०११ साली लिनक्सच्या बम्बलबी या प्रोजेक्टच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये फोल्डर पुसणाऱ्या 'आरएम' कमांडपुढे, '/यूएसआर' नंतर एक स्पेस जास्त पडली. एका पत्त्याचे दोन पत्ते झाले आणि काही लोकांच्या कॉम्प्युटरवरचा अख्खा यूएसआर फोल्डर उडाला.

ओळ तोडायला सीमध्ये स्ट्रटॉक नावाचं तयार फंक्शन आहे. स्पेस दिसली की ते तिथे शून्य लिहितं, म्हणजे मूळ ओळच बदलतं. अवतरणचिन्ह त्याला कळत नाही. 'कॅट "पगार मार्च"' म्हटलं, की त्याच्या लेखी फाइली दोन. म्हणून मी एकेक अक्षर वाचणारा लूप लिहिला. त्यात एक व्हेरिएबल एवढंच लक्षात ठेवतं, की आपण अवतरणाच्या आत आहोत की बाहेर. आत असलो तर स्पेस हे साधं अक्षर. बाहेर असलो तर तिथे शब्द संपला. सगळे शब्द एका अ‍ॅरेत जातात आणि शेवटी नल, नाहीतर कुठे थांबायचं हे एक्झेकव्हीपीला कळणार नाही.

आणि ओळ संपली तरी अवतरण उघडंच असेल तर? अंदाजाने बंद करून पुढे जाता आलं असतं. माझा शेल तसं करत नाही. 'अवतरण बंद नाही' एवढं सांगतो आणि नवी ओळ मागतो.

वर्कशॉपमध्ये नवा प्रोग्रॅम आला, की आम्ही तो सिंगल ब्लॉकवर चालवतो. एक ओळ, मग बटण, मग पुढची ओळ. दुसरा हात फीड होल्डवर. मागून 'आटप लवकर' असा ओरडा होतो. होऊ दे. हात आपला असतो.