मुरडीचे कानवले

करंजी हाताने मुरडायची, कातण्याने कापायची नव्हे, असे आमच्या आईचे ठाम मत. दिघीच्या आमच्या घरात कातणे होते, पण ते शंकरपाळ्यांपुरते. कातण्याने करंजीची कड कापणारीला आई ‘मुंबईची’ म्हणायची. आणि 1985 साली लग्न होऊन मी स्वतःच मुंबईची झाले!

गिरगावात सासरी दिवाळीची नानकटाई बेकरीच्या भट्टीत भाजून आणीत. त्याच बेकरीच्या काचेच्या कपाटात मी पहिल्यांदा टार्ट पाहिले. मैद्याची खुसखुशीत उघडी वाटी, आत लालभडक जॅम. कोणी करंजी मिटायची विसरले की काय, असे मला वाटले. मेख पुढे उमगली. भट्टीत आच चहूबाजूंनी लागते, म्हणून सारण उघडे चालते. आमच्या चुलीला आच खालून; तेव्हा सारण मिटून तळायचे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळला हिचीच ‘नेवरी’ होते, उत्तरेत होळीला ‘गुजिया’.

आईची करंजी साट्याची. बारीक रवा नि मैदा, कडकडीत तुपाचे मोहन, दुधात घट्ट भिजवून दोन तासांनी कुटायचे. तूप पांढरे होईस्तो फेसून त्यात तांदळाची पिठी घातली की साटा झाला. तीन पोळ्यांमध्ये तो माखून वळकटी करायची, तिच्या लाट्या पाडायच्या. मधल्या तुपाने पदर एकमेकांना चिकटत नाहीत, मंद आचेवर सुटत जातात. घाई केली की वरून लाल, आत कच्चे.

आणि मुरड! कड अंगठ्याने दुमडत दुमडत दोरीसारखी वळायची. गौरी जायला निघाली की तिला मुरडीच्या कानवल्यांचा नैवेद्य. सासरी निघालेल्या लेकीच्या शिदोरीतही तेच. तिने मुरडून परत यावे म्हणून. माझ्या डब्यात आईने एकवीस घातले होते. लाँच राजपुरीकडे निघाली तेव्हा ती धक्क्यावर उभी होती. मी डबा मांडीवर धरून जंजिऱ्याकडे पाहत बसले.

पण मुरडून जाणे काही जमेना. मुलांच्या परीक्षा, यांची नोकरी. दिवाळ्या गेल्या तशा गेल्या. डबा मात्र कोणा ना कोणाबरोबर दरवर्षी येई. तीन वर्षांपूर्वी उघडला, तर साऱ्या करंज्यांच्या कडा कातलेल्या. मी हसत फोन केला, “आई, तूही मुंबईची झालीस की!”

ती काहीच बोलली नाही.

दुसऱ्याच दिवशी मी दिघी गाठली. आई पाण्याचा पेलासुद्धा दोन्ही हातांनी धरीत होती. संध्याकाळी तिने ओल्या फडक्याखालच्या लाट्या माझ्यापुढे सरकवल्या.

“मला कुठे येते मुरड?” मी म्हटले.

“शीक. मी सांगत्ये.”

माझी पहिली करंजी कढईत उकलली. सारण तुपात पसरले, घरभर जळका वास सुटला. मी ती टाकायला निघाले, तर आईने ताटली पुढे केली.

“ती माझी,” ती म्हणाली. “तू दुसरी घे.”