दोन बादल्या आणि मोदकपात्राची जाळी

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. पॉलिशच्या टेबलावर नवा पोरगा आला की त्याला आधी हात धुवायला शिकवायचे. ४०० नंबरचा पॉलिश पेपर संपवून ८०० चा हातात घ्यायच्या आधी हात धुवायचे, जॉब केरोसीनने धुवायचा, टेबल पुसायचं, फडकं बदलायचं. चारशेचा एक दाणा आठशेच्या कामात राहिला तरी डायवर, म्हणजे साच्यावर, लांबलचक चरा उमटतो आणि दोन दिवसांचं काम पुन्हा मागून सुरू करावं लागतं. दाणा जिथला तिथे सोडायचा, पुढे न्यायचा नाही. एवढंच शिकायला लोकांना वर्ष लागायचं.

निवृत्तीनंतर आम्ही गडद निळी गाडी घेतली, तेव्हा हे सगळं पुन्हा उपयोगी पडेल असं मनातही नव्हतं. गाडी वर्तकनगरात आमच्या इमारतीखाली उभी असते. इथली धूळ ज्याने पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको. म्हाडाच्या जुन्या चार मजली इमारती पाडून एकामागून एक टॉवर उभे राहताहेत, पोखरण रोडवर डंपरची ये-जा असते आणि कॅडबरी जंक्शनला मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून तर सकाळी बॉनेटवर बोटाने नाव लिहिता येतं. ही धूळ शेतातल्या मातीसारखी मऊ नाही. नदीच्या वाळूऐवजी आता काँक्रिटमध्ये दगडाची चुरी जाते, आणि आपल्याकडचा दगड म्हणजे काळा बेसाल्ट. त्यातली खनिजं साध्या काचेवर चरा पाडू शकतात. वाळूतलं क्वार्ट्झ तर त्याहून कठीण.

या दाण्यांच्या समोर काय असतं? हल्लीच्या गाड्यांना रंगावर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअरकोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. ४०० नंबरच्या पेपरवरचा दाणा साधारण ३५ मायक्रॉनचा असतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुढचं सगळं आपोआप कळतं. जुन्या प्रीमियर पद्मिनीला असा वेगळा थर नव्हता. तिला पॉलिश केलं की फडक्यावर रंग यायचा आणि खाली पुन्हा तोच रंग निघायचा. आता थर गेला की गेला, आणि पुन्हा रंग मारायचा खर्च हजारांत जातो.

गाडीवर गोल गोल जाळं दिसायला लागलं ते पहिल्या उन्हाळ्यात. पार्किंगच्या दिव्याखाली कोळ्याने विणल्यासारखं दिसायचं. शेजारचे म्हणाले, गाड्या धुणारा मुलगा गोल फिरवून पुसतो म्हणून. भिंग घेऊन पाहिलं तर चरे सगळ्या दिशांना होते, सरळ, आडवे, तिरपे. गोल दिसतात याचं कारण प्रकाश. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे चरे त्याला वळसा घालून जातात तेवढेच चमकतात, बाकीचे लपतात. म्हणून डोकं हलवलं की जाळंही आपल्याबरोबर सरकतं. मुद्दा दिशेचा नव्हताच, फडक्यात काय अडकलंय याचा होता.

आमच्याकडे गाड्या धुणारा मुलगा मुरबाडकडचा. पहाटे साडेपाचला येतो. हातात एक बादली, त्यात एक जुनं बनियन, आणि तेवढ्यावर सगळ्या गाड्या पुसून तो आठ वाजता दुसऱ्या सोसायटीत पोहोचतो. चौथ्या गाडीला ते पाणी चहासारखं झालेलं असतं. पहिल्या तीन गाड्यांची धूळ घेऊन ते बनियन आमच्या बॉनेटवरून फिरतं. टूलरूममध्ये हे कोणी केलं असतं तर फोरमनने त्याच क्षणी हात धरला असता. पण या मुलाला आम्हीच एक बादली दिली होती, आम्हीच जुनं बनियन दिलं होतं आणि सगळ्या गाड्या वेळेत हव्यात असंही आम्हीच सांगितलं होतं.

सोसायटीत पाइप लावायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. शहरातल्या माणसामागे दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, आणि पाइप दहा-पंधरा मिनिटं सुरू राहिला तर तेवढं गाडीवरूनच वाहून जातं. म्हणजे जे करायचं ते बादलीतच. मग मी बादल्या शोधायला निघालो.

ऑनलाइन खास गाडी धुवायच्या बादल्या मिळतात, झाकणासकट, तळाच्या जाळीसकट. एकीची किंमत बघून मी ते पान बंद केलं. बादली गाडीला लागत नाही, तिच्यावर पैसे घालायचं कारण नाही. जे गाडीला लागतं त्यावर घालावेत. हे एकदा ठरवलं की खरेदी सोपी होते. आमच्याच इमारतीत एका घरी रंगकाम चाललं होतं. इमल्शनच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या रंगारी भंगारात देणार होता. दोन मागून घेतल्या, चहाचे पैसे दिले. या बादल्या न्हाणीघरातल्या बादलीपेक्षा जाड असतात, सरळ उभ्या असतात आणि त्यांना घट्ट झाकण असतं, त्यामुळे धुतलेली फडकी आत ठेवता येतात. रंग वाळला की आतून सोलून निघतो, फक्त कडेचा अन् झाकणाच्या खाचेतला पापुद्रा नीट काढायचा, नाहीतर तोच गाडीवर घासला जाईल. ऑइल पेंटचे डबे मात्र नकोत. त्यांना टर्पेंटाइनने धुवावं लागतं आणि वास जात नाही. एकीवर लाल पट्टी मारली, एकीवर निळी. लाल म्हणजे शाम्पूचं पाणी, निळी म्हणजे खळबळायचं.

खरी करामत तळाच्या जाळीची. खळबळायच्या बादलीत घाण खाली बसते, पण हात घातला की पुन्हा वर येते. ती खालीच अडवून ठेवायला मधे जाळी लागते. मी आधी भाजी धुवायची प्लॅस्टिकची रोवळी उलटी टाकून पाहिली. ती तरंगली. घरातलं बहुतेक प्लॅस्टिक पाण्याहून हलकं असतं, वर दगड ठेवला तरच ते तळाशी राहणार, आणि तो दगड पुन्हा हाताखाली येणार. मग बायकोने माळ्यावरून आईच्या जुन्या मोदकपात्राची जाळी काढून दिली. खालचं भांडं कधीच गळून गेलं होतं, स्टीलची जाळी धडधाकट होती. तिच्या तीन भोकांतून तीन लांब स्टीलचे बोल्ट घातले आणि दोन्ही बाजूंनी नट आवळले. बोल्टची डोकी खाली, पाय झाले. वर आलेली टोकं हॅकसॉने कापून कानसीने गुळगुळीत केली. ती जाळी बादलीच्या तळापासून चार बोटं वर उभी राहते, बुडते आणि हलत नाही. पहिल्यांदा गाडी धुऊन निळ्या बादलीतलं पाणी सावकाश ओतलं तेव्हा जाळीखाली करडी, किरकिरीत गाळाची चकती निघाली. ती मी कागदावर घेऊन दोन बोटांत चोळून पाहिली. माझ्या हाताला तो दाणा ओळखीचा होता.

आता गाडीला लागणाऱ्या गोष्टी. स्पंज घेऊ नये असं मी ठामपणे सांगेन. तो सपाट असतो, दाणा त्यात शिरत नाही, स्पंज आणि रंगाच्या मधे दबून घासत जातो. त्यापेक्षा लांब झालरीचा मायक्रोफायबरचा हातमोजा बरा. दाणा झालरीच्या मुळाशी जातो आणि निळ्या बादलीत खळबळला की सुटतो. जांभळी नाक्याला तो दोनशेच्या आत मिळाला. पुसायच्या मायक्रोफायबर टॉवेलांत मात्र फसगत खूप. सिग्नलला विकतात ते बहुतेक निव्वळ पॉलिस्टर वाटतात, पाणी टिपत नाहीत, नुसतं पसरवतात. चांगल्या टॉवेलात पॉलिस्टरबरोबर थोडं पॉलिअमाइड असतं आणि धागा चिरलेला असतो. लेबलवर ८०/२० किंवा ७०/३० लिहितात, पण लेबलवर मी विसंबत नाही. घरी दोन परीक्षा करतो. ताटात चमचाभर पाणी सांडायचं, टॉवेल नुसता वरून ओढायचा. ताट कोरडं झालं पाहिजे. दुसरी, जुन्या सीडीच्या मागच्या चकचकीत बाजूवर टॉवेल जोर लावून घासायचा आणि खिडकीशी धरून बघायचं. सीडीचं प्लॅस्टिक क्लिअरकोटपेक्षा मऊ असतं. तिच्यावर चरा नाही तर गाडीवर नाही. आमच्याकडे जुन्या नाट्यगीतांच्या बिघडलेल्या सीडी भरपूर होत्या. घरातल्या सुती पंचावर, पिवळ्या फडक्यावर आणि त्या प्रसिद्ध बनियनवर मी हीच परीक्षा केली. बनियनची शिवण नापास झाली, मधलं कापड मात्र बरंच बरं निघालं. टॉवेल कोणताही असो, कोपऱ्यावरचं लेबल कापून टाकायचं.

साबणाबद्दल थोडक्यात. धुण्याची पावडर अजिबात नको. त्यात सोडा असतो आणि न विरघळलेले खडे असतात. भांड्यांचा साबण मेणाचा थर काढून टाकतो. गाडीचा साधा शाम्पू १० लिटर पाण्याला बुचभर पुरतो, बाटली वर्षभर जाते.

ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त फरक पडला ती गाडीच्या दुकानात नव्हतीच. रोपांवर औषध मारायचा दोन लिटरचा पंप, नर्सरीत मिळतो तो. हात लावायच्या आधी गाडी वरून खाली भिजवायची. पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा फवारायचं. निम्मी धूळ स्पर्शाशिवाय ओघळून जाते, आणि जी धूळ फडक्यापर्यंत पोहोचलीच नाही ती चरा पाडूच शकत नाही. सुक्या गाडीवर झटकणी फिरवण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. ठाण्याच्या या धुळीत ती मोडायला हवी. पक्ष्यांची विष्ठा पडली असेल तर ओला कागद त्यावर ठेवून द्यायचा, मऊ झाली की उचलायची. ती आम्ल असते, म्हणून उन्हात फार वेळ राहू द्यायची नाही, आणि नखाने तर कधीच नाही.

क्रम असा: छत, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, आणि अगदी शेवटी खालची पट्टी, जिथे पावसाळ्यात येऊरकडून येताना चिखल बसतो. एक भाग झाला की हातमोजा निळ्या बादलीत, जाळीवर घासून, पिळून, मग लाल बादलीत. चाकांना वेगळं फडकं आणि रंगकामाचा जुना ब्रश. ब्रेकमधून झडलेला लोखंडाचा चुरा तिथे असतो, ते फडकं रंगाला कधी लागू द्यायचं नाही. शेवटचं पाणी बोअरवेलचं घेऊ नये. आमच्या इमारतीत ते फ्लशला येतं, जड आहे, वाळलं की पांढरे ठिपके उठतात आणि काळ्या-निळ्या गाडीवर ते घासून काढायच्या नादात पुन्हा चरे. महापालिकेच्या पाण्याचे दोन तांबे पुरतात. सगळं मिळून पाणी ३० लिटरच्या आसपास जातं.

या सगळ्याचा खर्च हजाराच्या आत आला. पंप, हातमोजा, चार टॉवेल, शाम्पू.

पण मी आठवड्यातून एकदा धुणार आणि तो मुलगा रोज पुसणार, मग उपयोग काय? एका सकाळी त्याला जाळीखालचा गाळ दाखवला. त्याने बोटाने चोळला आणि लगेच म्हणाला, "काका, मला समजतंय. पण दोन बादल्या घेऊन फिरलो तर दहा गाड्या कधी व्हायच्या? आठला मला दुसऱ्या सोसायटीत पोहोचायचं असतं."

त्याचं म्हणणं रास्त होतं. एका हातात बादली, दुसऱ्यात फडकं, आणि गाडीमागे मोजकी मिनिटं. त्या हिशेबात माझी टूलरूम बसत नव्हती. आम्ही दोघांनी पार्किंगमध्ये बसून त्याच्या वेळेत काय बसेल ते काढलं. रोज पुसायची गरज मुळात आहे का, हा प्रश्न त्यानेच विचारला. नाहीये. रोज फक्त काचा आणि आरसे, त्यांना वेगळं फडकं. पूर्ण गाडी एक दिवसाआड, म्हणजे रोज निम्म्याच. त्यामुळे प्रत्येक गाडीला पंपाने भिजवायला वेळ उरतो. बादलीतलं पाणी दर दोन गाड्यांनी बदलायचं, आणि बादलीत जाळी. फडकं प्रत्येक गाडीचं स्वतःचं. मालकाने दोन टॉवेल द्यायचे, ते वायपरखाली किंवा डिकीत ठेवायचे आणि दर रविवारी घरी धुवायचे. जमिनीवर पडलेला टॉवेल त्या दिवशी चाकांना.

हे सोसायटीच्या बैठकीत मांडलं तेव्हा "रोज पुसलं जाणार नाही तर पैसे कशाचे?" असं दोघा-तिघांनी विचारलं. मी त्यांना त्यांच्याच गाड्यांजवळ नेलं आणि मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरला. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवर कमी दिसतं, पण असतं. बहुतेकांनी होकार दिला. टॉवेल धुवायची पद्धत लिफ्टशेजारी चिकटवली: इतर कपड्यांबरोबर नाही, सुती कापडाचे तंतू त्यात अडकतात. पातळ साबण, कोमट पाणी. कपडे मऊ करणारं औषध नाही, त्याने टॉवेल पाणी टिपायचा थांबतो. इस्त्री नाही. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवायचे.

मोदकपात्राच्या जाळ्या काही सगळ्यांकडे निघाल्या नाहीत. त्या मुलासाठी मी इडलीपात्राच्या एका जुन्या चकतीला भोकं पाडून जाळी करून दिली. ती त्याने दुसऱ्या सोसायटीतही न्यायला सुरुवात केली आणि तिथल्या एका आजोबांनी तशीच आणखी एक मागितली आहे. जुने चरे आमच्या गाडीवर आहेतच, ते पॉलिश करून काढायचे म्हणजे तो ४० मायक्रॉनचा थर आणखी पातळ करायचा. ते मी करणार नाही. नवे पडत नाहीत, एवढं भिंगाखाली दर महिन्याला पाहतो. मुलाने गाडीमागे महिन्याला शंभर रुपये वाढवून मागितले. काम वाढलेलं नाही, पण आता ते कौशल्याचं झालं आहे, असं मी बैठकीत म्हणालो. पुढच्या महिन्यापासून ते द्यायचं ठरलं आहे.