नेच्याला नसलेला वास

नेच्याचं पान चुरगळून हुंगलं तर बोटांना थोडा हिरवट, ओलसर वास येतो, बस्स. बहुतेक नेच्यांना स्वतःचा असा सुगंध नसतोच. तरीही १८८२ साली पॅरिसच्या उबिगाँ या पेढीने 'फुजेर रोयाल', म्हणजे 'शाही नेचा', या नावाचा परफ्यूम आणला. आज दुकानात 'फॉर मेन' लिहिलेल्या कप्प्यातल्या कितीतरी बाटल्यांचं कूळ त्याच्यापर्यंत पोचतं.

तो रचणाऱ्या पॉल पार्केच्या हाताशी एक नवी वस्तू होती: कुमारिन. कापलेलं गवत उन्हात वाळू लागलं की जो गोडसर वास सुटतो, तो बराचसा याचाच. दक्षिण अमेरिकेतल्या टोन्काच्या बियांमध्ये ते भरपूर असतं आणि आपल्याकडे दालचिनी म्हणून जी जाड साल विकली जाते तिच्यातही असतं. १८६८ मध्ये विल्यम पर्किन या इंग्रज रसायनज्ञाने ते प्रयोगशाळेत बनवलं. (मलेरियावरचं औषध शोधताना अठराव्या वर्षी ज्याला जांभळा रंग सापडला, तोच हा पर्किन.) पार्केने कुमारिनवर लॅव्हेंडर आणि बर्गमॉट चढवलं आणि तळाशी ठेवलं ओकमॉस, म्हणजे ओकच्या सालीवर वाढणारं, आपल्या गोडा मसाल्यातल्या दगडफुलाचं युरोपी भावंड. नेच्याच्या रानात जसा वास यावा असं वाटतं, तसा वास तयार झाला.

यात पुरुषी काय? रेणूंमध्ये तर काहीच नाही. पण हा मेळ दाढीच्या साबणात आणि आफ्टरशेव्हमध्ये शिरला, न्हाव्याच्या खुर्चीपाशी मुरला आणि पिढ्यान्‌पिढ्या नाकाला तशी सवय लागली. आपल्याकडची सवय वेगळी. लग्नात पाहुण्याच्या हाताच्या पाठीवर गुलाबाचं अत्तर लावतात तेव्हा तो पुरुष आहे की बाई हे कुणी पाहत नाही, आणि कानात हिनाचा फाया खोचणाऱ्या आजोबांना आपण फुलांच्या वासाचे आहोत याची कधी लाज वाटली नाही.

परफ्यूम उलगडतो तो रेणूंच्या उडून जाण्यामुळे. बर्गमॉटसारख्या लिंबूवर्गीय वासांचे रेणू चपळ; काही मिनिटांतच बरेचसे पसार होतात. लॅव्हेंडर त्यांच्यामागून जातं. कुमारिन, मस्क, लाकडांचे वास जड पावलांचे, ते त्वचेवर तासन्‌तास रेंगाळतात. दुकानदार फवारून नाकाशी धरतो तो कागद त्यामुळे अर्धंच खरं सांगतो. पैसे मोजायचे ते शेवटच्या वासाचे, म्हणून धंद्यातला माणूस मनगटावर फवारून दुकानाबाहेर पडतो, चहा घेतो, दोन-तीन तासांनी पुन्हा हुंगतो. एका बैठकीत सात-आठ वास घेणाऱ्याचं नाक थकतं, आणि मग सगळंच सारखं लागतं.

कनौजच्या अत्तराची चाल निराळी. तांब्याच्या देगेतून फुलांची वाफ बांबूच्या नळीवाटे भपक्यात, म्हणजे ती जमा होते त्या भांड्यात, उतरते आणि तिथे आधीच असलेल्या चंदनाच्या तेलात जिरते. अल्कोहोल नाही, म्हणून पहिला भपकारा नाही. वास अंगाशी राहून सावकाश बोलतो. चंदन महागल्यापासून त्याच्या जागी पुष्कळदा दुसरंच तेल असतं, आणि मग तो ठहराव जातो.

'शाही नेच्या'च्या वंशात पुढे भर पडत गेली. १९८२ च्या 'द्राकार न्वार'मध्ये डायहायड्रोमिर्सिनॉल हा धुतल्या कपड्यांची आठवण करून देणारा थंड, धारदार रेणू सढळ हाताने ओतलेला होता. १९८८ च्या 'कूल वॉटर'ने त्याचीच लाट आणली. आज स्वस्त डिओडरंटमधून नाकात शिरतो तो बहुधा हाच, आणि लोकलच्या गर्दीत तो सोसवत नाही. त्याआधी १९६६ मध्ये एद्मों रुदनित्स्का या परफ्यूमकाराने 'ओ सोवाज'मध्ये केलेलं काम कितीतरी नाजूक. त्याने हेडिओन हा मोगऱ्या-जाईच्या जातकुळीचा हलका रेणू लिंबाच्या ताजेपणामागे ठेवला. पुरुषांनी बिनतक्रार फूल अंगाला लावलं.

ओकमॉसचं मात्र पुढे बिनसलं. त्यातले अॅट्रानॉल आणि क्लोरोअॅट्रानॉल हे घटक काहींच्या त्वचेला झोंबतात, ॲलर्जी आणतात. २०१७ मध्ये युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत त्यांना बंदी केली. मग हे घटक काढून टाकलेला ओकमॉसचा अर्क किंवा त्याची नक्कल वापरून जुनी सूत्रं पुन्हा मांडली गेली. बाटली तीच, नाव तेच. 'पूर्वीसारखा वास राहिला नाही' असं म्हणणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला म्हातारपणीचा भास म्हणून हसू नये. त्याचं नाक बहुधा बरोबर असतं.