ग्रंथांची रोजकीर्द

यंदा गुढीपाडव्यापासून आजपावेतो माझ्या घरी चार ग्रंथ आले. त्यांचा तपशील असा: इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी संपादिलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’चे पुनर्मुद्रण, यशवंत नरसिंह केळकरांचे ‘वसईची मोहीम’, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे आत्मकथन ‘नाही मी एकला’, आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. यांतील शेवटचे पुस्तक माझ्या संग्रही तरुणपणापासूनच होते. परंतु त्या प्रतीची शिवण उसवली, पाने पिवळी पडून कडांनी झडू लागली, आणि नातीला वाचून दाखवावयाचे तर अक्षर ठळक हवे, म्हणून नवी प्रत घेतली. चारही ग्रंथांची नोंद मी रिवाजाप्रमाणे वहीत केली. पुढच्या पाडव्यापर्यंत हे चारच ग्रंथ नीट वाचावयाचे आणि तोवर नवी खरेदी करावयाची नाही, असा या वर्षीचा बेत आहे.

ही वही म्हणजे लाल कापडी बांधणीची, व्यापारी पेढीवर असते तशी लांबट खतावणी आहे. तारीख, ग्रंथाचे नाव, कर्ता, कोठून घेतला, किंमत आणि वाचन केव्हा पुरे झाले, असे तिचे रकाने मी नोकरीच्या पहिल्या वर्षी आखले. सरकारी कचेरीतल्या कारकुनाला प्रत्येक बाबीचा दाखला ठेवण्याची सवय लागते, तीच मी घरी आणली, असे माझे स्नेही म्हणत. परंतु मला ही सवय कचेरीने लावलेली नाही, ती आईकडून आली आहे.

ठाण्याच्या आमच्या बिऱ्हाडात आईपाशी श्रीधरस्वामींच्या ‘हरिविजया’ची एक जुनी पोथी होती. आषाढी एकादशीच्या संध्याकाळी ती देवघरापुढे पाटावर मांडली जाई, आणि कार्तिकीच्या आत तिचे छत्तीसही अध्याय वाचून व्हावेत, अशा बेताने आई रोज दिवेलागणीनंतर वाचावयास बसे. शेजारच्या चार-पाच बायका ऐकावयास येत. त्यांतल्या दोघींना अक्षरओळख नव्हती. परंतु आदल्या वर्षी ऐकलेली कथा त्यांच्या इतकी ध्यानात असे की, वाचताना एखादी ओवी गळली तर त्या लगेच थांबवीत. एखादीच्या घरी दुखणेबाणे निघाले तर अध्याय तिच्यासाठी थांबून राही, आणि ती आल्यावर पुढे चाले. समाप्तीच्या दिवशी नैवेद्य झाला की आई पोथीच्या मागच्या कोऱ्या पानावर त्या वर्षाचा शक, तिथी आणि त्या चातुर्मासात घरात घडलेली एखादी महत्त्वाची गोष्ट दोन ओळींत लिहून ठेवी. माझ्या धाकट्या बहिणीचा जन्म, वडिलांची बदली, आजोबांचे देहावसान हे सारे त्या पानावर आहे. पुढच्या आषाढीला वाचन पुन्हा पहिल्या अध्यायापासून सुरू होई. ग्रंथ एकदा वाचून झाला म्हणजे संपला, असे आमच्या घरात कोणाला वाटत नसे, आणि श्रोत्यांवाचून वाचन पुरे झाले असेही कोणी मानीत नसे.

माझ्या वाचनाचा दुसरा आधार ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय. १ जून १८९३ रोजी स्थापन झालेली ही संस्था मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयापेक्षा पाच वर्षांनी ज्येष्ठ आहे, आणि केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह करावयाचा हे व्रत तिने ज्या काळी घेतले, त्या काळी सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत इंग्रजी पुस्तकांनाच मान होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या संस्थापकांविषयीचा आदर दुणावतो. वडिलांनी अनामत भरून मला तेथले सभासदत्व घेऊन दिले. मुदतीत पुस्तक परत करावयाचे या एका नियमाने मला वाचनाची जी शिस्त लावली, ती कोणत्याही शाळेने लावली नाही. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ मी तेथूनच आणून वाचले. ते परत करावयाचे जिवावर आले, तेव्हा ग्रंथ आपल्या मालकीचा असावा ही इच्छा मनात प्रथम उत्पन्न झाली.

ती पुरी होण्यास नोकरीची वाट पाहावी लागली. १९७७ साली फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत मी रुजू झालो आणि चर्चगेटहून परतताना चर्नीरोडला उतरून गिरगावात, नाहीतर दादरला उतरून छबिलदास गल्लीत पुस्तकांच्या दुकानांपुढे उभे राहणे हा माझ्या महिन्याच्या पहिल्या आठवड्याचा ठरलेला क्रम झाला. तो काळ मराठी वाचकाच्या भाग्याचा होता. १९७४ च्या नाताळच्या दिवशी दिनकर गांगल, अरुण साधू, अशोक जैन प्रभृतींनी ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ सुरू केली होती. वाचकाला आगाऊ सभासद करून घ्यावयाचे आणि पुस्तक त्याला परवडेल अशा किमतीत द्यावयाचे, या तिच्या योजनेमुळे माझ्यासारख्या तुटपुंज्या पगाराच्या माणसाला नवे वाङ्मय विकत घेता येऊ लागले. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आणि १९८० साली लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ या चळवळीने प्रसिद्ध केले. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ‘बलुतं’ची नोंद आहे. त्या पुस्तकाने माझी एक समजूत कायमची मोडली. आईच्या पोथीभोवती जमणाऱ्या वर्तुळात अमुकच घरच्या बायका येत, काही घरच्या कधीच येत नसत, हे मी लहानपणी पाहिले होते. त्याचा अर्थ मला ‘बलुतं’ वाचल्यावर समजला. ‘कोणास वाचावयास दिला’ हा वहीचा शेवटचा रकाना मी त्यानंतर जोडला, आणि सर्वांत अधिक नावे आजही त्याच पुस्तकापुढे आहेत.

१९८३ साली आम्ही भाईंदरला राहावयास आलो. मुंबईतली जागा आवाक्याबाहेर गेलेली असंख्य कुटुंबे त्या सुमारास बोरिवलीच्या पलीकडे सरकत होती. स्टेशनातून बाहेर पडले की दोन्ही अंगांना मिठागरांची चौकोनी वाफ्यांची ओळ दिसे, पश्चिमेच्या वाऱ्याला खाऱ्या चिखलाचा वास येई, आणि उत्तरेस वसईची खाडी ओलांडणाऱ्या जुन्या पुलावरून गाडी गेली की तिचा नाद रात्री घरापर्यंत ऐकू येई. दोन वर्षांनी, १९८५ साली, येथे नगरपरिषद झाली. २००२ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत वस्ती आठ लाखांवर गेली. या वाढीत गुजराती, मारवाडी, उत्तर हिंदुस्थानी, दक्षिणी अशा सर्व भाषांची माणसे शेजारी आली, आणि त्यांच्याशी आमचा घरोबाही जडला. तथापि मराठी ग्रंथ हवा तर आजही माझी वाट दादरकडे किंवा ठाण्याकडेच जाते, नाहीतर मराठी भाषा दिनाच्या आगेमागे एखाद्या सभागृहात प्रदर्शन लागेपर्यंत मला थांबावे लागते.

परंतु भाईंदरने मला वाचनासाठी जे दिले, ते ठाण्याने दिले नव्हते. भाईंदरहूनच सुटणाऱ्या लोकलमध्ये खिडकीशी जागा मिळे आणि चर्चगेटपर्यंतचा सव्वा तास अबाधित मिळे. विरारहून येणाऱ्या गाडीत मात्र उभ्याने, एका हाताने कडी धरून वाचावे लागे. म्हणून माझी खरेदीसुद्धा गाडीने ठरू लागली. क्राउन आकाराचे, मऊ बांधणीचे, सुटसुटीत पुस्तक प्रवासासाठी. डेमी आकाराचे जाड ग्रंथ रविवारसाठी. जो ग्रंथ एका हातात मावत नाही तो मागे पडतो, हे मी माझ्या वहीत वर्षानुवर्षे पाहिले आहे, आणि याच कारणाने वाचनाचा संकल्प संख्येत मांडण्याला माझा विरोध आहे. वर्षाच्या पहिल्या तारखेस अनेक तरुण वाचक यंदा पन्नास पुस्तके वाचीन, शंभर वाचीन, असे जाहीर करतात. वाचनाची प्रतिज्ञा करावीशी वाटणे हीच मुळात आनंदाची गोष्ट आहे, आणि त्यांच्या उत्साहाविषयी मला प्रेम आहे. तथापि संख्या गाठावयाची म्हटली की प्रथम जाड ग्रंथ हद्दपार होतो, नंतर कठीण ग्रंथ, आणि शेवटी पूर्वी वाचलेला ग्रंथ. कारण पुनर्वाचनाने आकडा वाढत नाही. माझ्या आईने तिच्या हयातीत चार-दोनच ग्रंथ वाचले असतील. परंतु त्यांतला प्रत्येक इतक्या वेळा वाचला होता की, संकटात कोणता अध्याय उघडावा हे तिला शोधावे लागत नसे. अशा वाचनाची जमा कोणत्या आकड्यात धरावी?

राजवाड्यांच्या ग्रंथाकडे मी याच विचाराने वळलो आहे. ‘महिकावतीची बखर’ त्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. उत्तर कोकणच्या, म्हणजे ज्या भूमीवर मी गेली चाळीस वर्षे राहतो आहे त्या भूमीच्या, पूर्वेतिहासाचा हा मराठीतला अत्यंत जुना दस्तऐवज आहे. त्याचा प्राचीन भाग शके १३७० चा, म्हणजे १४४८ सालचा, केशवाचार्यांचा आहे, आणि त्या प्रकरणात येणारा नायकोराव मालाडचा. ज्या मालाड स्टेशनावरून माझी गाडी रोज दोनदा जात असे, तेथल्या माणसांनी साडेपाचशे वर्षांपूर्वी परसत्तेच्या अमलात आपला धर्म, कुळे आणि वृत्ती यांचा वृत्तान्त नष्ट होऊ नये म्हणून तो लिहवून घेतला, हे कळल्यापासून त्या स्टेशनाकडे मी निराळ्या दृष्टीने पाहतो. राजवाड्यांची प्रस्तावना हा तर स्वतंत्र ग्रंथच आहे. कातकरी, वारली, कोळी, ठाकर या येथल्या आद्य वस्तीपासून आरंभ करून, राज्ये आली आणि गेली तरी इथला सामान्य रहिवासी सत्ताधीशांविषयी उदासीन का राहिला, या प्रश्नापर्यंत ते वाचकाला नेतात. त्यांची सर्वच अनुमाने आज टिकणार नाहीत. जातिकुळांविषयीची त्यांची काही मते मला मुळीच मान्य नाहीत. परंतु लोकांना राज्य आपले का वाटले नाही, हा त्यांचा प्रश्न खरा आहे, आणि तो विचारण्याचे धैर्य फार थोड्या इतिहासकारांनी दाखविले. ही प्रस्तावना मी नकाशा पुढे ठेवून, दिवसाला चार-पाच पानांहून अधिक न वाचता वाचतो आहे.

केळकरांचा ग्रंथ त्याला लागूनच येतो. घोडबंदरचा किल्ला मराठ्यांनी १७३७ साली घेतला, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई सर केली, ही हकिकत शाळेत आपण चार ओळींत शिकतो. उत्तनजवळ चौकच्या टेकडीवर, धारावी किल्ल्याच्या पडक्या अवशेषांपाशी उभे राहिले की खाडीपलीकडे वसईचा कोट दिसतो, आणि या टेकडीसाठी दोन्ही पक्षांनी एवढा रक्तपात का केला ते डोळ्यांनीच कळते. मोहिमेचे ते प्रकरण तेथे बसूनच वाचावयाचे मी ठरविले आहे. दिब्रिटोंचे आत्मकथन मात्र त्या विजयकथेची दुसरी बाजू म्हणून मला आवश्यक वाटते. उत्तन, डोंगरी, गोराई आणि खाडीपलीकडची वसई येथले ख्रिस्ती बांधव याच मातीचे, मराठीच्याच बोली बोलणारे. त्यांच्यातून आलेला हा धर्मगुरू ‘सुवार्ता’ मासिक चालवितो, हरित वसईच्या रक्षणासाठी रस्त्यावर उतरतो, अवघे बायबल सुबोध मराठीत आणतो, आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होतो, हा मराठी भाषेच्या इतिहासातला मोठा सन्मानाचा प्रसंग आहे. २०२४ च्या जुलैत ते गेले. हयातीत त्यांचे व्याख्यान ऐकले होते. पुस्तक आता वाचतो आहे.

आणि ‘स्मृतिचित्रे’. माझी नात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. मराठी ती उत्तम बोलते, परंतु लांब मजकूर वाचावयाचा तिला कंटाळा येतो. म्हणून आषाढी एकादशीपासून रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास मी तिला वाचून दाखवितो. लक्ष्मीबाईंचे वाक्य असे बोलके आहे की, नऊ वर्षांच्या मुलीला त्यातले काही समजावून सांगावे लागत नाही. सोवळ्याओवळ्याच्या प्रसंगांना ती खळखळून हसते, आणि पती टिळकांनी १८९५ साली धर्मांतर केल्यानंतरच्या लक्ष्मीबाईंच्या एकाकीपणाचा भाग आला तेव्हा, त्यांना कोणीच का विचारले नाही, असे तिने मला विचारले. परवापासून शेजारच्या गुजराती कुटुंबातली तिची मैत्रीणही ऐकावयास येऊन बसते. कार्तिकीपर्यंत पुस्तक पुरे होईल. न झाल्यास पुढे चालू ठेवू.

मीरा-भाईंदरच्या वाचकांस एक विनंती करावयाची आहे. राई, मुर्धे, मोर्वे, नवघर, काशी, घोडबंदर, उत्तन येथली जुनी घरे आता झपाट्याने पाडली जात आहेत, आणि आवराआवर करताना माळ्यावरच्या पोथ्या, जुनी पुस्तके, प्रार्थनांची चोपडी, जमाखर्चाच्या वह्या किलोच्या भावाने रद्दीत जातात. तसे करण्यापूर्वी प्रत्येक ग्रंथाचे पहिले आणि शेवटचे कोरे पान उघडून पाहा. तेथे कोणाच्या तरी आजीने तिथी, जन्म, मृत्यू, महापूर, प्लेग यांची नोंद केलेली असेल, आणि या गावाचा दुसरा लेखी दाखला कदाचित कोठेच नसेल. पान वाचून त्याची नक्कल करून घ्या. ग्रंथ ठेवावयास घरी जागा नसेल तर तो जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे सुपूर्त करा, आणि पोच मागून घ्या.